पत्र्याची अक्षरं, पुठ्ठ्याचे शब्द

किल्ली कुलपात घातली आणि बाप थबकला. आत कुणीतरी वाचत होतं.

"हे औषध लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये." आवाज बिट्टीचा. मग दटावणी, "ऐकतोयस ना? नीट ऐक. वापरण्यापूर्वी बाटली हलवावी. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये."

बूट हातात घेऊनच तो आत गेला. बादली जागेवर नव्हती, म्हणजे बायको गच्चीवर कपडे वाळत घालत असणार. बिट्टी पाळण्यापाशी मांडी घालून बसली होती, धाकट्याच्या तापाच्या औषधाचं खोकं नाकाशी धरून. धाकटा पायाचा अंगठा तोंडात घालून, प्रवचनाला बसल्यासारखा डोळे मोठे करून ऐकत होता.

बापाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पोरीला वाचता येतंय! देवानं आज एवढं कानावर घातलं, तेवढ्यावर थांबायचं होतं. पण तोंडातून गेलंच, "अक्षरं जुळवून वाचलंस ना? माझ्या पद्धतीनं?"

बिट्टीनं खोकं फ्रॉकखाली सरकवलं. "मला कुठं येतं वाचायला?"

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पोरीसाठी त्यानं पत्र्यातून एकेक अक्षर कापलं होतं, बोटाला लागू नये म्हणून कानशीनं कडा घासल्या होत्या. "नट-बोल्ट ओळखल्याशिवाय मी मशीन उघडत नाही," हे त्याचं म्हणणं. बायको पार्लर चालवायची. तिनं क्रीमच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून त्यांवर अख्खे शब्द लिहिले होते. "माझ्याकडे बाई आली की मी आधी नाक मोजते आणि मग डोळे? चेहरा दिसला की नाव ओठांवर येतं. शब्दाचंही तसंच." दोघंही हटेनात, तेव्हा ठरलं, दर रविवारी जेवणाच्या टेबलावर परीक्षा. ज्याचा शब्द पोरगी वाचेल, त्याची पद्धत आठवडाभर.

जोडाक्षरं त्याच्या पत्र्यात अजून आलीच नव्हती आणि औषधांचे शब्द तिच्या पुठ्ठ्यांत नव्हते. पोर आपली आपणच कुठूनशी वाट काढत पोचली होती. हे बापाला कळायला हवं होतं. कळलं नाही.

"अगं, आत्ता ऐकलं मी."

"आईला सांगणार?"

"सांगणार म्हणजे! साऱ्या बिल्डिंगला सांगणार."

"मग ती परत मावशीकडे जाईल." लहान मुलाला समजवावं तसं बिट्टीनं हळू आवाजात समजावलं. "मी 'कपाट' वाचलं, तेव्हा तू जिंकलास आणि आई धाकट्याला घेऊन गेली. 'बाहुली' वाचलं, तेव्हा ती जिंकली आणि तू ताट सरकवून उठलास. मला येतच नाही, बाबा. कुणाला सांगू नकोस."

बापानं तिला पोटाशी धरलं आणि शपथ घेतली. अगदी मनापासून घेतली.

पण शपथेलाही वाळवी लागते. बोलायचं नाही असंच ठरलंय ना, त्यानं मनाशी म्हटलं, मग बोलत नाही. नुसता शब्द मांडतो. शनिवारी कामावर, जेवणाच्या सुट्टीत, त्यानं पत्र्याचा एक तुकडा घेतला आणि एक नवं अक्षर कापलं.

रविवारी टेबलावर त्यानं 'स' मांडला आणि शेजारी कोरा करकरीत 'ल्ला'.

बायको हसली. "जोडाक्षर? एवढ्याशा पोरीला? हरायची एवढी घाई झालीय?"

"वाचू तर दे तिला."

बिट्टीनं शब्दाकडे पाहिलंच नाही. बापाकडे पाहिलं. तो पत्र्याची कड बोटानं चाचपत बसला.

"ससा," ती म्हणाली.

बायकोनं टाळी वाजवली. "झालं समाधान? आता इकडं बघ." तिनं पुठ्ठा उचलून धरला. बाहुली. पोरीनं कितीदा तरी वाचलेला.

बिट्टीनं डोकं खाजवलं. छताकडे पाहिलं. "बादली?"

"अगं, असं काय करतेस? येत होतं की तुला!"

"नाही येत."

पुठ्ठा हळूहळू खाली आला. बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "हिच्या डोळ्यांना काही झालं नसेल ना रे? की डोक्यालाच ताण दिला आपण? आपणच घोळ घातला रे सगळा."

'आपण' हा शब्द त्या घरात कित्येक महिन्यांत कुणी उच्चारला नव्हता.

तिनं चाचपडत दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. "उद्या कुणाला तरी दाखवून आणू. तू येशील ना?"

"येईन."

एका वाक्यात तिचा घोर मिटला असता. आणि हातही सुटला असता. त्यानं आपला दुसरा हातही तिच्या हातांवर ठेवला.

बिट्टी ते चार हात बघत होती. मग तिनं खुर्ची टेबलाजवळ ओढली, पत्र्याची अक्षरं आणि पुठ्ठे दोन्ही त्यांच्याकडे सरकवले आणि आशेनं एकदा आईकडे, एकदा बापाकडे पाहिलं.

"अजून एक विचारा ना," ती म्हणाली.