टाकलेले दहा

लुआन सरांनी फळ्यावर ३०१२१०५२६०७ लिहिलं आणि खडू दिएपच्या हातात दिला. "ही मूळ संख्या आहे का, सांग. दोन मिनिटं."

प्रांताच्या गणित चमूत एकच जागा उरली होती. ती दिएपला मिळेल किंवा बाओला, हे क्वी न्योन गावातल्या त्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं.

दिएपने आकड्यांवरून नजर फिरवली. "दोनने जात नाही, पाचनेही नाही. बेरीज सात, म्हणजे तीननेही नाही." आणि तिने झोकात सातने भागायला घेतलं.

"सात कुठून आणलेस गं?" बाओ बाकावरूनच म्हणाला. "बेरीज सत्तावीस. तीननेच काय, नऊनेही जाते. सर, ही गाडीच्या नंबराचे गुण काढतेय. आजोबा मोटारसायकलवरून गिऱ्हाईकं नेतात ना हिचे."

वर्ग खिदळला. खरं तर गाडीचे गुण सगळं गावच काढायचं. आकड्यांची बेरीज करायची, दहा दहा टाकून द्यायचे, उरेल ते नशीब. नऊ उरले तर चैन, शून्य उरलं तर बोंबला. आजोबांच्या मागे बसून दिएप लहानपणापासून तेच मोजत आली होती. सवयीने ऐन वेळी घात केला.

"ठेव खडू," सर म्हणाले.

"अजून एक मिनिट आहे, सर."

ती फळ्याकडे बघत राहिली. मग सावकाश बोलली. "दहाला नऊने भागलं की एक उरतो. तीनने भागलं तरी एकच. मी दोन दहा टाकले, म्हणजे दोन एक हरवले. ते परत घेते. सात आणि दोन नऊ. नऊने जाते, मूळ नाही. आजोबांची रीत चालते, सर. फक्त टाकलेले दहा मोजायचे."

"पण उत्तर आधी मी सांगितलं," बाओ म्हणाला.

"तुला नियम पाठ आहे," सर म्हणाले. "तो का चालतो, ते हिला कळलंय." आणि त्यांनी यादीत शेवटचं नाव लिहिलं.

शाळेच्या फाटकाशी आजोबा गाडी पुसत होते. नंबर ३८६२१. गुण शून्य, म्हणून स्वस्तात मिळालेली. पाटी बघून गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर बसायचं, तेव्हा आजोबा हसून सोडून द्यायचे. दिएपला मात्र ते हसू कधी बघवलं नव्हतं.

"आजोबा, आपली गाडी शून्याची नाही. तुम्ही दोन दहा टाकून दिलेत, ते मोजायचे राहिले."

"गाडीचं राहू दे गं. यादीत नाव आलं का, ते सांग."

दिएप मागे बसली. "तेच तर सांगतेय."