मधला शनिवार

शनिवारी वडील गेले. सगळं आटोपून शलाका मंगळवारी कामावर परतली. शुक्रवार आणि सोमवारच्या रजेत तिच्या टेबलाशी तिची प्रतिकृती बसली होती, तिचाच चेहरा आणि तिचंच मन असलेली. नियमाप्रमाणे प्रतिकृतीच्या आठवणी आता शलाकाच्या मेंदूत उतरवल्या गेल्या.

तिला शनिवार आठवला. कुलूप लावलेलं ऑफिस, आणि बाबा आहेत की गेले हे विचारायला कोणी नाही. रविवारीही तसंच.

“सुट्टीच्या दिवशी तिला बंद का नाही केलंत?” तिने रजा विभागातल्या खांबेट्यांना विचारलं.

“मधली सुट्टी रजेतच धरतात. रजा संपेपर्यंत प्रतिकृती चालूच असते.”

“ती रडत होती.”

“बऱ्याच जणांच्या रडतात, मॅडम. त्यांना बाहेर फोनही लावता येत नाही.”

दहावा पुढच्या सोमवारी होता. आई एकटी होती, म्हणून शलाकाने शुक्रवारपासून पुन्हा रजा घेतली. शनिवारी दुपारी तिने घराच्या अंगणात येऊन ऑफिसातल्या स्वतःच्या टेबलाचा नंबर लावला. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

“आई जेवली का?” पलीकडून तिचाच आवाज आला.