चन्नम्माचं पथ्य

ही गोष्ट लिहायचीच नव्हती. परसाकडची गोष्ट, लोक नाकाला पदर लावतील असं वाटलं. लावू द्या.

छ्याऐंशीचा दुष्काळ. जळकोटात त्या सकाळी शिवलिंगप्पा डेअरीत दूध घालून आला, रिकामी कॅन दारात आदळली आन थेट आईपुढं जाऊन उभा राहिला. चन्नम्मा अंगणात भाकरी खात बसली होती. भाकरीसंगं नुसत्या पाण्यात शिजवलेलं, बिनफोडणीचं वरण.

"अव्वा, गळ्यातल्या लिंगाला हात लाव."

"कशापायी?"

"लाव म्हणलं की. हात लावून सांग, चोरून तेल खाल्लं न्हाय म्हणून."

चन्नम्माचा घास हातातच राहिला. पोराच्या मागं सून उभी होती, महानंदा. तिच्या हातात सासूचं धुवायला काढलेलं लुगडं, आन लुगड्यावर रक्ताचा डाग. नवरा-बायको त्या डागाकडं असं बघत होते, की म्हातारीची चोरीच सापडली.

गेल्या साली डेअरीच्या आवारात तपासणीचं शिबिर झालं होतं. शिवलिंगप्पा डेअरीचा सेक्रेटरी, त्यानंच डॉक्टर आणला, आन आईला रक्त पडतंय हे त्यानंच डॉक्टरच्या कानात सांगितलं. डॉक्टरनं टेबलापलीकडूनच म्हातारीकडं बघितलं. "मूळव्याध. वय झालं, तेल, तूप, शेंगदाणे बंद. बिनतेलाचं खाणाऱ्या बाईला आतड्याचा मोठा रोग होत नसतो," म्हणाला आन पुढच्या बाईला हाक मारली.

त्या दिवसापासनं घरानं हे पथ्य उपासासारखं धरलं. म्हातारीचं वेगळं भगुणं, वेगळी चटणी. तूप तर डेअरी आल्यापासनं त्या घरात कुणी बघितलंच नव्हतं. म्हशीचं सगळं फॅट कॅनमधनं जायचं. राहिलं होतं फोडणीचं तेल, तेबी गेलं. म्हातारी वाळून काटकी झाली. रक्त काय थांबलं न्हाय.

आन पथ्य पाळून रोग जात नसंल, तर पथ्य मोडलं असणार. घरात सरळ हिशेब झाला.

"तेल?" चन्नम्मा म्हणाली. "आरं, बहात्तरच्या दुकाळात सुकडी खाऊन खडी फोडली म्या. तवा कुठलं तेल हुतं? जन्मात कधी तेलाचं बोट चाटलं न्हाय, आन आता म्हातारपणी चोरून खाईन व्हय?"

"मग रगत का थांबंना? डॉक्टर येडा हाय का?"

"मला काय इचारतूस? जा, त्येला इचार!"

"अत्या, लपवू नका," महानंदा म्हणाली. "तुमच्याच भल्याचं हाय."

"पोटच्या पोरापुढं आण घेऊ व्हय म्या? न्हाय लावत हात."

"बघ!" शिवलिंगप्पा बायकोकडं वळला. "म्हंजी खाल्लंय."

"काय खाल्लंय रं?"

कुडापलीकडनं भिमाबाई आत आली. बौद्धवाड्यातली. बहात्तरला दोघींनी एकाच ढिगावर बसून खडी फोडली, तवापासनं पहाटं परसाकडला जायच्या त्या दोघी संगंच.

"मावशी, घरातलं बोलणं हाय हे."

"घरातलं? रगत मला दिसतंय रोज, तुला न्हाय. कुथून कुथून घामाघूम हुती तुझी आई. बसली की उठता येत न्हाय तिला. ती तेल चोरती व्हय?"

"डॉक्टरनं सांगितलंय..."

"डॉक्टरनं बघितलंय का?" भिमाबाईचा आवाज चढला. "तुमच्या डेअरीची म्हस गाभण हाय का बघायला ते जनावराचं डॉक्टर कोपरापातुर हात घालतंय. तू शेपूट धरून हुबा असतूस! आन आईला? आईला टेबलाच्या पल्याडनं बघू देतूस व्हय रं?"

महानंदानं तोंडाला पदर लावला. शिवलिंगप्पा लालबुंद झाला.

"लाज धरा मावशी! आन अव्वाच न्हाय म्हणली हुती. डॉक्टरपुढं बसली, नर्स पडद्यामागं चला म्हणली, तर पदर आवळून घरी पळून आली. मग डॉक्टरनं मलाच काय त्ये सांगितलं. इचारा की तिलाच!"

भिमाबाई वळली. तिचा सगळा राग आता चन्नम्मावर आला.

"व्हय ग?"

चन्नम्मा ताटाकडं बघत बसली.

"बाप्या हुता," ती म्हणाली.

"बाप्या हुता म्हणून मरतीस? वरीस गेलं, चन्नम्मा! मला म्हणलीस, डॉक्टरनंच टेबलापल्याडनं बघितलं. मूळव्याध हाय म्हणला."



मग चन्नम्मा उठली. भिंतीला धरत सैपाकघरात गेली, फळीवरची तेलाची बरणी काढली आन परत येऊन जागेवर बसली. पोराच्या डोळ्यांदेखत भाकरीवर तेल ओतलं. तुकडा मोडला, तोंडात घातला, चावून चावून खाल्ला.

"आता खाल्लं," ती शिवलिंगप्पाला म्हणाली. "आता मार बोंब गावभर. उद्याच्या पहिल्या येस्टीनं म्या सोलापूरला चालले, सरकारी दवाखान्यात. तुला यायचं तर ये. न्हायतर बस तुझ्या कॅना धूत."



"जाशील ग," भिमाबाई म्हणाली. "आन तिथं कुशीवर हो म्हणलं की परत पदर आवळशील."

चन्नम्मानं दुसरा घास गिळला. हनुवटीवर आलेला तेलाचा ओघळ तिनं पुसलासुद्धा न्हाय.

"बाप्या असू दे न्हायतर बाई. कुशीवर हुते, लुगडं वर करते. किती येळ लागंल तेवढा लागू दे, नीट बघू दे त्येला. म्या पळणार न्हाय, भिमा. तुला शब्द हाय."