खेळातून इंग्रजी

बल्गेरियातल्या प्लोव्दिवच्या शाळेत मुलं खेळता खेळता इंग्रजी शिकतात, ते बघायला राजधानीतून साहेब येणार होते. ते खूश झाले तर रुम्यानाबाईंची मुख्याध्यापक म्हणून वर्णी लागणार होती. म्हणून बाईंनी साहेबांसाठी घरून चीज भरलेली गरम बानित्सा भाजून आणली आणि त्याआधी महिनाभर एकाच खेळाची तालीम घेतली होती. फासा टाकायचा, तितकी घरं सोंगटी न्यायची आणि त्या घरातल्या चित्रावर इंग्रजीत बोलायचं. मुलांनी त्या खेळाची इतकी धास्ती घेतली, की मधल्या सुट्टीतही कुणी खेळेना.

"अडखळायचं नाही, आणि हसायला विसरायचं नाही," बाईंनी दम भरला होता.

साहेबांसमोर पहिली पाळी कालोयानची होती, मग रादोस्तिनाची. कालोयानने फासा टाकला, सोंगटी टणाटण पाच घरं नेली आणि घोड्याच्या चित्रावर एका दमात चार वाक्यं म्हटली. बाईंना आपलीच पाठ थोपटावीशी वाटली. फासा मात्र घरंगळत साहेबांच्या बुटापाशी गेला होता. त्यांनी वाकून पाहिलं.

"अरे बाळा, फाशावर तर दोन पडलेत."

कालोयान हसायला विसरला नाही.

"दोन रादोस्तिनाचे असतात, साहेब. माझे पाचच."