एका रहिवाशाची हजेरी

दवाखाना गल्लीतून हलवायचा ठराव बारा वाजून दहा मिनिटांनी एकमताने मंजूर झाला. पण ते जाऊ द्या. तसं काही झालेलंच नाही असं समजू, कारण अजून अकराच वाजलेत आणि शिंपीकाम करणारे मास्तर खिशात भाषण घेऊन नगरपरिषदेचा जिना चढताहेत.

भाषण मुळात सात मिनिटांचं होतं. रहिवाशाला तीनच मिनिटं मिळतात हे कळल्यावर बायकोने घड्याळ लावून ते ऐकलं आणि कापायला घेतलं. आयुष्यभर कात्री मास्तरांनी चालवली, पण काटछाट तिची सफाईदार निघाली. आधी प्रस्तावना गेली, मग लोकशाही गेली, शेवटी तिचा पाय तेवढा उरला. पायाला जखम होती. साखरेमुळे ती भरत नव्हती आणि एक दिवसाआड गल्लीतल्या दवाखान्यात तिचं ड्रेसिंग व्हायचं. घरापासून चाळीस पावलं. नवा दवाखाना शहराच्या पार टोकाला होता, दोन बस बदलून.

"हात जोडू नका," तिने निघताना बजावलं होतं. "हात जोडले की लोक ऐकायचं थांबतात. सरळ पाय सांगा."

सभागृहाच्या दारात शिपायाने वही पुढे केली. "सही करा, काका."

"कशाची?"

"आल्याची."

पान कोरं होतं. मास्तरांनी सही केली. शिपायाने ती नीट वाचली, पुन्हा वाचली आणि वही छातीशी धरून आत पळाला.

मग मास्तरांचा जो मानपान झाला, तसा त्यांच्या लग्नातही झाला नव्हता. पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. पाणी आलं. पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं गेलं. खुद्द अध्यक्षांनी वरून नमस्कार केला. मास्तरांच्या लक्षात आलं की अध्यक्षांच्या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. एरवी ते बोलून मोकळे झाले असते. आज काम होतं, म्हणून गप्प बसले.

दोरा न ओवता मशीन चालवावं तसे विषय पळत होते. विषय नऊ, मंजूर. विषय दहा, मंजूर. अकरावर कोणीतरी खोकलं, तेही मंजूर झालं. बारा आणि तेरा एकाच दमात गेले.

"विषय चौदा. दवाखान्याचं स्थलांतर."

मास्तर उठले.

"बसा, बसा," अध्यक्ष आपुलकीने म्हणाले. "रहिवाशांचं बोलणं शेवटी असतं. विषय सत्तावीस."

"पण निर्णय तर आत्ता होणार."

"हो ना. म्हणजे तुम्हाला बोलायला काहीतरी ठोस मिळेल."

मास्तरांनी खिशातून भाषण काढलं. घडी उलगडेपर्यंत हात वर झाले आणि खालीही आले. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

सत्ताविसाव्या विषयाला मास्तर बोलले. दोन मिनिटं पन्नास सेकंद. हात जोडले नाहीत, पाय सांगितला. सभागृह अगदी चिडीचूप होतं. एका सदस्याने डोळे टिपले. दुसऱ्याने विचारलं, "कुठला पाय?"

"डावा."

लिपिकाने ते लिहून घेतलं.

"इतकं मुद्देसूद या सभागृहात आजवर कोणी बोललेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी बाकं वाजवली आणि सभा संपली.

लोक पांगले तसा लिपिक कागदांचा गठ्ठा आवळत मास्तरांजवळ आला. "मास्तर, फार उपकार झाले बघा तुमचे."

"कसले?"

"अहो, आठ महिने लटकला होता हा विषय. असला विषय घ्यायचा तर निदान एक रहिवासी समोर हजर लागतो, नियमच आहे तसा. दर महिन्याला नोटीस लावायचो. कुत्रं फिरकत नव्हतं."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आणि मी आलो नसतो तर?"

"तर पुढच्या महिन्यावर. मग त्याच्या पुढच्या. मी निवृत्त होईस्तोवर तरी दवाखाना जागचा हलला नसता." त्याने मास्तरांचा हात हातात घेऊन मनापासून दाबला.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. बायको होती.

"सांगितलात का पाय?"

"सांगितला."

"मग?"

"सगळ्यांना आवडला."

"या मग घरी," ती म्हणाली. "उद्या ड्रेसिंगचा दिवस आहे."

मास्तर घरी गेले नाहीत. रिकाम्या सभागृहात त्यांनी लिपिकाला विचारलं, आता काही करता येतं का.

"येतं की. अर्ज करा." लिपिकाने कोरा कागद दिला, वर स्वतःचं पेनही दिलं. "पुढच्या सभेत ठेवतो. फक्त तो चर्चेला यायचा तर त्या दिवशी तुम्ही हजर पाहिजे."

मास्तरांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि कापडावर खडूची रेघ ओढावी तशा सरळ ओळीत लिहिलं:

"माननीय अध्यक्ष महोदय, अर्जदार आजच्या सभेस आला नव्हता, अशी नोंद इतिवृत्तात करून मिळावी, ही नम्र विनंती."