झालं का?

आमच्या बँकेच्या एका मेनफ्रेमच्या, म्हणजे अवाढव्य संगणकाच्या, पोटात दोनशे लिनक्स सर्व्हर चालतात, आणि ते सांभाळणारी मी एकटी. साहेबांनी आपल्या केबिनच्या भिंतीवर सगळ्या सर्व्हरची खबर दाखवणारा नवा स्क्रीनचा बोर्ड लावून घेतला. तो दर सेकंदाला प्रत्येक सर्व्हरला विचारतो, "काय करतोयस?" ज्यांना काम नाही, त्यांनाही उठून उत्तर द्यावं लागतं. झोपलेल्याला गदागदा हलवून "झोप लागली का?" विचारायचं, त्यातला प्रकार!

सोमवारी गर्दी वाढली आणि सगळं मशीन रखडलं. शाखाशाखांत काउंटरवर लोक खोळंबले. बोर्ड लालभडक. दर दोन मिनिटांनी साहेबांचा फोन, "मॅडम, झालं का? करताय काय तुम्ही?"

"साहेब, तुमचा बोर्डच मशीनला खातोय," मी ओरडले, "आणि माझं डोकं तुम्ही!"

फोन आपटला. बोर्ड बंद केला. वीस मिनिटांत सगळे काउंटर सुरू झाले. मग बोर्ड परत लावला, दहा मिनिटांनी एकदाच विचारणारा.

मंगळवारी टेबलावर साहेबांच्या सहीचं पत्र होतं.



"काल वीस मिनिटे बोर्ड बंद होता. त्या वेळेत आपण नेमके काय काम केले, याचा लेखी खुलासा आजच करावा."