भरतीच्या आधी

१९६४च्या जानेवारीत शमाल वारा तीन दिवस थांबला नाही. अरबी आखातावरल्या उम्म अल कुवैनच्या खाडीतलं तिवरांचं जंगल त्यानं आडवं केलं. होडी दोरानं बांधून ठेवायला तिथे गेलेला नवरा मोहिद्दीन परतला नाही, म्हणून रुकय्या कोयता घेऊन चिखलात शिरली. तो दिसला तेव्हा उन्मळलेल्या तिवराखाली त्याचा पाय अडकला होता, भरतीचं पाणी छातीपर्यंत चढलं होतं. "गावातनं माणसं घेऊन ये, यल्ला, लवकर!" तो ओरडला. "तोवर पाणी थांबेल होय?" म्हणत तिनं बुंध्यावर घाव घातला. पाणी गळ्याला लागलं, मग हनुवटीला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. अखेर बुंधा तुटला आणि मोहिद्दीन लंगडत उभा राहिला. रुकय्या तुटलेल्या लाकडावर घाव घालतच होती. "खलास, बस झालं, रुकय्या! सुटलो मी," म्हणत त्यानं तिचा हात धरला. हात हिसकावून, तो अजून अडकलेलाच असल्यासारखा, तिनं शेजारच्या उभ्या तिवरावर कोयता उगारला.